गंधकाने हौद लाल केला त्याची हकीकत

श्री जलदेवता प्रसन्न. शके १६४२, शार्वरी संवत्सर, वैशाख मास. कोण्या एका राज्यात रिवाज ऐसा की, गडावर येणारी हरएक वस्तू आधी हौदात बुडवावी, हौदात गोकर्णीच्या फुलांचे निळे पाणी असे, रंग पालटला नाही तर वस्तू सज्जन जाणावी. मग गंधक आला आणि परीक्षक रखमाजींनी बुडविला, तो तळाशी निवांत बसला, पाणी निळेच, आणि रखमाजींनी परवाना दिला. मग कोठारातील धान्याला पोरकिडे लागले म्हणून दिवाण गंगोबांनी तोच गंधक जाळविला, किडे मेले, आणि दिवाणजीही खोकून खोकून अर्धे जाहले. मग संतापून हुकूम दिला, "हा धूर बांबूच्या नळीने हौदात बुडवून मारा!" धूर पाण्यात विरला आणि हौद लालबुंद जाहला.

दिवाणजी ओरडले, "महाराज, अपशकुन! परवाना रखमाजीचा!"

महाराज म्हणाले, "रखमाजी, सूर्यास्ताआत पाणी निळे करा, नाहीतर बायकोपोरांसकट गड उतरा."

मग रखमाजींनी गोकर्णीची ताजी फुले कुस्करून दोन वाडग्यांत निळे पाणी केले आणि एकात गंधकाचा खडा टाकला, काही नाही. दुसऱ्यावर जळत्या गंधकाचा धूर कोंडून पाणी हलविले, ते लाल. मग पहिल्याच वाडग्यात कोळसा बुडविला, तो नुसता तरंगला, पण त्याचा धूर कोंडताच पाणी जांभळट. "महाराज, चुकलो. खडा पाण्याशी बोलतच नाही. जळाल्यावर त्याचा धूर बोलतो, आणि लिंबू पिळल्याने हे पाणी लाल होते तसाच आंबट बोलतो!"

पान लावणारी भागूबाई हसली, "अवो, आंबटच झालंय ना? मग चुना टाका की! एवढी मसलत कशाला?"

मग तिने चुना कालविला आणि हौद निळा जाहला. दिवाणजींस उत्साह आवरेना, त्यांनी आणखी टोपलीभर चुना ओतला आणि हौद हिरवा जाहला. "गंगोबा, आता थांबा!" महाराज गरजले, आणि रखमाजींनी चमच्या-चमच्याने धूर विरवलेले आंबट पाणी घालून सूर्यास्ताआधी निळाई परत आणिली.

तात्पर्य, रखमाजी गडावरच राहिले, धान्य वाचले, आणि नवा रिवाज पडला की वस्तू एकदा सबंध पारखावी, एकदा जाळून. दिवाणजींच्या लेखी मसलतींसही तोच नियम लागला. कागद जाळिला की पाणी जांभळट होई, मसलत नामंजूर होई, आणि राज्य सुखाने चालले.