लिंबाजी मिस्त्रीचा खडू

लिंबाजी मिस्त्रीच्या कानावर खडू असतो. पांढरा, शाळेतला. आणि तो खडू हा माणूस लोकांच्या गाड्यांवर चालवतो. गाडी त्याच्या दारात गेली की अंगावर लिहून येणार, हे धरूनच चालायचं. माझ्या निळ्या गाडीवर त्यानं आठ दिवसांत एवढं लिहिलं की गल्लीतल्या बाया विचारायला लागल्या, "दादाराव, गाडी विकायला काढली का?"

मी मुकुंदवाडीत राहतो. शिक्षण चौथी. चिकलठाण्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनात पंचवीस वर्षं पोळ्या लाटल्या आणि सुटताना तिथल्याच एका साहेबाची जुनी पेट्रोल गाडी घेतली. कॅन्टीनवाला गाडीत बसला म्हणून लोक हसले. कौसल्या, म्हणजे आमची मंडळी, हसली नाही. तिनं सीटांना कव्हरं शिवली. हिरवा दोरा, काठाला जवळजवळ टाके, एक टाका इकडं तिकडं नाही. मागच्या वर्षी ती गेली. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मी लिंबाजीवर लिहायला बसलोय.

दुखण्यात ती म्हणायची, एकदा आपल्या गाडीनं देवगावला नेऊन आणा. देवगाव रंगारी तिचं माहेर. मी म्हणायचो, आधी बरी हो. ती झाली नाही. म्हणून वर्षश्राद्धाला मेहुण्याला कळवलं, तुझ्या मळ्यात करू, हिचा फोटो घेऊन येतो आणि त्याच गाडीनं येतो. वर्षभर उभी असलेली गाडी धुतली, बॅटरी नवी घातली, पंपावर पेट्रोल भरलं आणि जरा चालवून बघायला निघालो. शरणापूर फाट्याच्या पुढं गाडीनं आचके दिले आणि मेली. पंधरा मिनिटांनी आपोआप चालू झाली. थोडं गेली, परत मेली. वर्षश्राद्ध नऊ दिवसांवर.

लिंबाजी माझ्यापासून तिसऱ्या घरात राहतो. उभं आयुष्य ट्रकांच्या खाली झोपून काढलेला माणूस. आता वय झालं म्हणून दारापुढं पत्रा टाकून जुन्या गाड्या बघतो. एकटाच असतो. मी गाडी नेली आणि बॉनेटला हात घातला.

"हां हां! बॉनेट कामून उघडताय? त्यानं काय गुन्हा केला?"

"अहो, इंजिन बंद पडतंय."

"इंजिन तक्रारदार हाय, दादाराव. चोर दुसरा असतो. आपून पेट्रोलच्या पायानं चालायचं. टाकीतून निघायचं आन् इंजिनापत्तुर जायचं. जिथं वाट अडली तिथं चोर. आन् पुराव्याबिगर कोनावर आळ घालायचा नाय."

हे त्याचं पालुपद. गाडीचा प्रत्येक पार्ट त्याला चौकीत आणून बसवलेला गरीब माणूस वाटतो. मागं एक मास्तर स्कूटर घेऊन आले आणि म्हणाले, प्लग खराब आहे, बदलून टाका. लिंबाजीनं प्लग काढला, पुसला, तपासला. चांगला निघाला. तो मास्तरांच्या हातावर ठेवून म्हणाला, "याची माफी मागा." मास्तरांना वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. मास्तर तीन दिवस पायी शाळेत गेले, चौथ्या दिवशी प्लगला सॉरी म्हणाले, तेव्हा स्कूटर मिळाली.

असल्या माणसाच्या ताब्यात मी गाडी दिली. माझीच अक्कल.

पहिल्या दिवशी तो गाडीच्या मागं गेला, टाकीचं झाकण काढलं, आत बघितलं आणि झाकण हातात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "दादाराव, चहा आणा. पावडर जास्त." मी चहा घेऊन आलो तर म्हणे, चला, फिरवून आणू. आश्चर्य म्हणजे गाडी शरणापूर सोडून थेट दौलताबादपर्यंत गेली आणि आचका न देता परत आली. मी तर खूश!

"झालं की मिस्त्री!"

"कुठं झालं? एक दिवस गेली म्हंजे बरी झाली असं नाय." आणि खडू काढून टाकीच्या तोंडाजवळ लिहिलं, "इथवर पोचलं." पुढं प्रश्नचिन्ह.

दुसऱ्या दिवशी गाडी फाट्यावर परत मेली. लिंबाजी खाली उतरला, लघवीला जातो म्हणून मागं गेला, आला, आणि गाडी चालू झाली. मी म्हटलं, विश्रांती मिळाली म्हणून असेल. येताना त्यानं मला विचारलं, "वहिनी पुढं बसायच्या का मागं?"

"आधी पुढं. दुखण्यात मागं, आडवी पडून. कामून?"

"काय नाय."

"पेट्रोल कुठं अडलं ते बघा. माझी बायको कुठं बसायची ते काय बघता?"



मग सुरू झाला छळ. दिवसाला एकच पार्ट. दोन नाही. "दोघांना संगट मारलं तर खरं कोन बोललं ते कसं कळनार?" त्याच संध्याकाळी टाकीकडून येणारी नळी काढून तोंडानं फुंकली, थुंकला, दारावर लिहिलं "इथवर पोचलं." फिल्टर काढून त्यातलं पेट्रोल काचेच्या वाटीत ओतलं आणि उन्हात धरून अर्धा तास बघत राहिला, जणू वाटीत मासे आहेत. थोडा गंज निघाला. मी ओरडलो, "सापडला चोर!" तर म्हणाला, "एवढा कचरा तुमच्या-माझ्या पोटात बी असतो." तरी फिल्टर नवा घातला. गाडी फाट्यावर मेली. रबरी नळी बदलली. फाट्यावर मेली. फाट्यावरचा रसवंतीवाला आम्हाला लांबून बघूनच ग्लास भरायला लागला.

पाचव्या दिवशी टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं ओढणाऱ्या पंपाचा रबरी पडदा बदलला. त्या दिवशी हा माणूस भलताच खुशीत. "हा नवा पडदा दनकून ओढंल बघा. कसं बी अडलेलं असू द्या, ओढून आनंल." फाट्यावर गाडी मेली तेव्हा त्याचं तोंड माझ्यापेक्षा जास्त उतरलं होतं. बॉनेटवर टेकून म्हणाला, "ह्याच्यावर लई आशा व्हती, दादाराव."

सहाव्या आणि सातव्या दिवशी कार्बोरेटर. त्याचे बारीक बारीक जेट स्टीलच्या डब्यात धुऊन, सुईनं नाही, फुंकरीनं साफ केले. सुईनं भोक मोठं होतं म्हणे. सगळ्यांना निर्दोष सोडलं. गाडीवर टाकीपासून बॉनेटपर्यंत "पोचलं, पोचलं, पोचलं" आणि गाडी मात्र फाट्याच्या पुढं पोचत नव्हती. घाई करा म्हटलं की एकच उत्तर. "घाई असंल तर टॅक्सी करा."

आठव्या दिवशी दुपारी मी गेलो. उद्या वर्षश्राद्ध. मेहुण्याचा फोन येऊन गेला होता, दाजी, बसनं या, हट्ट सोडा. लिंबाजी गाडीखाली झोपलेला. नुसते पाय बाहेर. मी त्या पायांशीच भांडलो.

"लिंब्या, बाहेर नीघ! आठ दिवस खडू घेऊन नाचतोय. तुला काय, खेळ झालाय? जिती असताना नेली नाही मी तिला. आता फोटो तरी नेऊ दे. का फोटो बी बसच्या गर्दीत नेऊ?"

पाय हलले नाहीत. मग तो सरपटत बाहेर आला, उठून बसला, फडक्यानं हात पुसले. एकेक बोट. मग उठून टाकीचं झाकण काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

टाकीचं झाकण मी जन्मात उघडलं नव्हतं. पंपावरचा माणूस उघडतो आणि तोच लावतो. आत एक गोल चकती बसवलेली होती. तांबड्या रबराची. एका बाजूला साडीचं कापड लावलेलं. काठाला हिरवा दोरा, जवळजवळ टाके.

ते रबर मी ओळखलं. शेकायची पिशवी. फुटली म्हणून टाकून दिली, असं तिनं मला सांगितलं होतं.

"पेट्रोलचा वास येऊ नये म्हनून केलंय त्यांनी," लिंबाजी म्हणाला. "मागच्या सीटखालीच टाकी हाय. नवं व्हतं तवा सैल बसत असंल, आन् दवाखाना जवळ, म्हनून तुमाला कळलं नाय. वर्षभर पेट्रोलच्या वाफेत फुगलं, घट्ट झालं. वरून हवा गेली नाय तर खालून पेट्रोल येत नाय."

दवाखान्यात जाताना आधी तिला गाडीत मळमळायचं. मग थांबलं. मला वाटलं होतं, गोळी लागू पडली.

"हे तुम्हाला कधी सापडलं?"

"पैल्या दिवशी. झाकन खिशात ठेवलं, टाकीच्या तोंडाला फडकं लावलं, तवाच गाडी दौलताबादला गेली."

"मग आठ दिवस काय केलं?"

तो कानावरचा खडू चाचपत राहिला. "झाकन परत लावलं आन् दुसरा चोर हुडकला. पंपाचा पडदा नवा घातला तर ओढून घेईल वाटलं, मंग हे तसंच राहू देता आलं असतं. पुरावा व्हता, दादाराव. पन गेलेल्या मानसाच्या हातच्या कामावर आळ घालायचा म्हंजे… जीभ रेटली नाय."

मला राग यायला पाहिजे होता. आठ दिवस! पण तो खाली बघून बोलतच राहिला.

"आमची गेली तवा मच्छरदानीच्या दोरीला तिनं मारलेली गाठ व्हती. दोरी जुनी झाली म्हनून मी सोडली. गाठच तर हाय, म्हनलं. पाच वर्षं झाली. रोज बांधून बघतो. तशी बसत नाय." नाक फडक्यानं पुसलं. फडकं ग्रीसचं होतं, नाक काळं झालं. "म्हनून तुमीच सांगा. मी हात लावनार नाय."

मी चकती नखानं सोडवली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. म्हटलं, "उद्या सातला निघायचं. तुम्ही बी चला. बंद पडली तर कुणाच्या नावानं ओरडू?"

सकाळी तो धुतलेला शर्ट घालून आला, कानावर खडू होताच. मी चालवायला, तो शेजारी, फोटो मागच्या सीटवर हिरव्या टाक्यांच्या कव्हरला टेकून. शरणापूर फाटा आला आणि गेला. रसवंतीवाल्यानं भरलेला ग्लास तसाच हातात धरला. गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. लिंबाजीनं मागं हात घालून मागची काच खाली केली, आणि परत पुढं बघत बसला.

देवगावला मेहुण्याच्या दारात गाडी थांबली. मी फोटो छातीशी धरून उतरलो, चार पावलं गेलो आणि मागं बघितलं, तर हा माणूस खडू घेऊन मागच्या दारापाशी वाकलेला.

"अहो मिस्त्री, आज तरी सोडा की!"

तो दचकून बाजूला झाला. मी जवळ जाऊन वाचलं.

"वहिनी पोचल्या."