फोनवर कोण?

तंबू कसा उभारावा, हे फोनकाकांइतकं नेमकं कोणी लिहिलं नसेल. मुलांना डोंगर-पाण्यात नेणाऱ्या त्या छोट्या संस्थेची पुस्तिका त्यांचीच. 'सात मिनिटांत तंबू', 'वारा कसा ओळखावा', 'चेन अडकल्यास'. 'तळ्याकाठची पहाट' तर अशी उतरली होती, की वाचणाऱ्याने शाल शोधावी. गोम एवढीच, की काका तळ्यावर कधी गेले नव्हते. तळं अर्ध्या तासावर होतं.

संस्थेतले सगळे आपापला धंदा सांभाळून काम करणारे. शिबिरप्रमुख ताई दातांची डॉक्टर. तिच्या जोडीला एक वायरमन आणि एक शिवणक्लासवाली मावशी. काकांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती, आणि निवृत्तीनंतरही कानावरची पेन्सिल काही उतरली नव्हती.

शिबिर गेलं की एकाने मागे ऑफिसात बसायचं, संध्याकाळी सहाचा फोन घ्यायचा आणि वहीत 'सर्व सुखरूप' लिहायचं, अशी पद्धत होती. दर बैठकीत ताई विचारायची, "फोनवर कोण?" काकांनी मान वर करेपर्यंत त्यांचं नाव लिहून झालेलं असायचं. असं एकोणीस वर्षं.

"तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त," सगळे म्हणत. माणसाला जागच्या जागी ठोकून ठेवायला याहून मजबूत खिळा नाही. 'मलाही न्या' हे वाक्य काकांनी मनातल्या मनात इतक्यांदा तपासलं होतं, की त्यात एकही चूक उरली नव्हती. ते छापायला तेवढं गेलं नाही.

सहाच्या फोनची मात्र ते दुपारपासून वाट बघत. ताईच्या आवाजामागे वारा असे. पाण्यात दगड पडल्याचा आवाज असे. कोणीतरी खिदळत असे.

"सगळे सुखरूप, काका."

"लाइन खराब आहे गं. परत सांग."

लाइन ठणठणीत असे.

यंदाच्या शिबिरात एक नवा कोरा तंबू जास्तीचा ठरून ऑफिसात राहिला. काकू लेकीकडे गेली होती, विचारणारं कोणी नव्हतं. पाच वाजता काकांनी दार लोटून घेतलं आणि तंबू काढला. फरशीत खुंट्या कुठून ठोकणार? म्हणून दोऱ्या टेबलाला, कपाटाला आणि खिडकीच्या गजाला बांधल्या. सातच्या जागी चाळीस मिनिटं लागली. 'पुढील आवृत्तीत दुरुस्ती' अशी मनात नोंद करून ते आत शिरले, चेन लावली आणि आडवे झाले.

आत निळा उजेड होता. पंख्याच्या वाऱ्याने कापड फडफडलं, काकांनी डोळे मिटले, आणि तळं अगदी उशाशी आलं.

तेवढ्यात फोन वाजला.

काकांनी चेन ओढली. ती वीतभर सरकली आणि हट्टी पोराने ओठ मिटावेत तशी मिटून बसली. फोन वाजून थांबला. दहा मिनिटांनी परत वाजला. काकांचा मोबाइल टेबलावर चार्जिंगला होता. तंबू फाडावा, तर संस्थेचा. ओरडावं, तर वरच्या मजल्यावर गाण्याचा क्लास, सगळा क्लास बघायला खाली येणार. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र काकांनी तंबूसकट झेप घेतली. गाठी पुस्तिकेबरहुकूम पक्क्या होत्या. तंबू हलला नाही, टेबल आलं. फोन खाली पडला, रिसीव्हर सुटला आणि त्याच्यावर एकोणीस वर्षांच्या फायली.

"हॅलो? काका?" फायलींखालून ताईचा बारीक आवाज आला.

"मी ठीक आहे, तंबूत आहे," काका कापडाआडून ओरडले.

ताईला ऐकू आलं ते असं: मोठा धडाका, काहीतरी कोसळणं आणि लांबून कण्हणं. तळ्याकाठी पुढे काय झालं, ते काकांना नंतर कळलं.

"नियम सात," मावशी म्हणाली. "फोनवरच्या माणसाचं काही कळेना, तर दोघा मोठ्यांनी जाऊन बघायचं."

"आणि नियम चार? मुलांजवळ कायम दोन मोठे हवेत," वायरमन म्हणाला. "आपण तिघं. दोघं गेले की उरतो एक. कोणी केलेत हो हे नियम?"

"काकांनीच."

तेव्हा सगळेच निघाले. तेवीस मुलं, शिट्ट्या, दोऱ्या आणि दोन बांबूंना चादर बांधून केलेली डोली. सात वाजता ऑफिसचं दार उघडलं.

"काका, आत आहात?"

"हो."

"कुठे दुखतंय?"

काकांनी विचार केला. "तसं बोट ठेवून सांगता यायचं नाही."

ताई चेनसमोर गुडघ्यांवर बसली. "हलू नका हं. दात चांगलेच अडकलेत."

"पान चौदा," मुलांनी एका सुरात म्हटलं. "चेन अडकल्यास दातांवर पेन्सिल घासावी."

"आता पेन्सिल कुठून आणू?"

तंबूत काहीतरी चाचपल्याचा आवाज झाला. मग काकांचा आवाज आला, "आहे. माझ्या कानावर."

पेन्सिल घासली, चेन सरकली. काका रांगत बाहेर आले.

"पोरांनो, माझ्यापायी तुमचं तळं गेलं."

"गेलं कुठे? तिथेच आहे," एक मुलगी म्हणाली. "पण काका, तुम्ही आत काय करत होता?"

'तंबू तपासत होतो' हे उत्तर काकांच्या ओठांवर तयार होतं. त्यांनी ते खोडलं. "मलाही यायचं होतं."

कोणी हसलं नाही. ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. "एकोणीस वर्षांत बोलला नाहीत ते?"

"तू फार भराभर लिहितेस."

ताईने वही काढली आणि या वेळी मोठ्याने वाचत, सावकाश लिहिलं: "फोनकाकांना ऑफिसात एकटं ठेवणं धोक्याचं आहे. उद्या सकाळी त्यांना शिबिरात हलवावं."

"मग फोनवर कोण?" काकांनी विचारलं. सवयच ती.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता ताईने आपला मोबाइल काकांच्या हातात दिला. पलीकडे लेकीच्या घरून काकू होती.

"सगळे सुखरूप," काका म्हणाले.

"लिहिलं. तुम्ही धरून ना?"

"मी धरून. थांब, ऐक जरा."

त्यांनी फोन तळ्याकडे धरला. वारा होता. कोणीतरी पाण्यात दगड टाकत होतं, कोणीतरी खिदळत होतं. अर्ध्या मिनिटाने त्यांनी फोन कानाला लावला.

"आलं ऐकू?"



"लाइन खराब आहे," काकू म्हणाली. "परत धरा."