आमचं इटलीचं जवळजवळ ठरलंय

यामिनीचा द्राक्षांच्या मांडवाखालचा फोटो फेसबुकवर आला आणि सुमेधाचं थालीपीठ करपलं. एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात ज्ञानेशचा नवा फोन घेऊन ती उभी होती, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. बाहेर आयर्लंडातल्या वॉटरफोर्डचा जानेवारी खिडकीवर आपटत होता. फोटोत यामिनी बिनबाह्यांच्या झग्यात, डोक्यावर गवती टोपी, हातात द्राक्षांचा घड आणि खाली मजकूर, ‘अवर न्यू लाइफ’. सुमेधाने दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. यामिनी बारीकही झाली होती. सुमेधाने मुकाट्याने करपलेलं थालीपीठ नवऱ्याच्या ताटात वाढलं.

ज्ञानेश हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे मधल्या फळीतला डॉक्टर, होता. रात्रपाळ्या करून करून त्याची चव आणि शंका दोन्ही मेल्या होत्या. त्याने थालीपीठ खाल्लं, फोटो पाहिला आणि “छान आहे,” असं म्हणून तो झोपायला गेला.

वर्षभरापूर्वी ही यामिनी याच रस्त्यावर चार घरं सोडून राहत होती. मंदीत तिच्या नवऱ्याची, संकेतची फॅक्टरी बंद पडली, तेव्हा सगळ्यांत आधी धावली ती सुमेधा. एक दिवसाआड डबा जायचा. कधी छोले, कधी बिरडं, सणावाराला पुरणपोळी. दुसऱ्याच्या अडचणीत धावून जाणं सुमेधाच्या रक्तातच होतं. दुसऱ्याच्या सुखात मात्र तिचे पाय जड व्हायचे.

मग संकेतला इटलीत नोकरी लागली. गाव मोंतेवेल्ला, डोंगरावरचं, इतकं लहान की नकाशात बराच वेळ आत आत शिरल्यावर कुठे त्याचं नाव उमटायचं. निरोप देताना सुमेधा खरोखरीच रडली. कीव करायला एक हक्काचं माणूस होतं, तेही चाललं होतं. आणि महिन्याभरात फोटोंची रांग लागली. दगडी घर, निळ्या खिडक्या, चौकातली कॉफी, पास्ता लाटायला शिकवणारी शेजारची आजीबाई. प्रत्येक फोटोनंतर सुमेधा आपल्या घराकडे पाही आणि तिला भिंतीवरची ओल दिसे. बॉयलर कण्हत असे. किचनमधल्या प्रेसचं, म्हणजे कपाटाचं, दार गुडघ्याने दाबल्याशिवाय बंद होत नसे. आठ वर्षं आयर्लंडात काढून आपण मिळवलं काय, असा प्रश्न तिला पडे, आणि उत्तरादाखल पुन्हा ओलच दिसे.

अशा मनःस्थितीत ती उर्मिलाकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली. तिथे तिळगुळाआधी यामिनीच वाटली जात होती. कुणाला तिच्या खिडक्या आवडल्या होत्या, कुणाला तिची टोपी. उर्मिला तर म्हणाली की जगावं तर असं, आपण नुसते दिवस ढकलतोय. उर्मिलाच्या सासूबाई, वासंतीकाकू, कराडहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना हा विषय नवा होता. सगळं ऐकून घेऊन त्या सुमेधाकडे वळल्या.

“आन् तू गं? तू न्हाईस का कुटं जात? हितंच ऱ्हानार व्हय, या गारठ्यात?”

प्रश्नात काही नव्हतं. पण दुखऱ्या दाताला नेमका तिथेच खडा लागावा तसं झालं, आणि सुमेधाच्या तोंडून शब्द निघून गेले.

“नाही हो काकू. आमचंही इटलीचं जवळजवळ ठरलंय. पण एवढ्यात कुणाला सांगू नका.”

उर्मिलाचं कुंकवाचं बोट कुणाच्या तरी कपाळापर्यंत पोचून तिथेच थांबलं. कुणीतरी कुठे म्हणून विचारलं, तर सुमेधा म्हणाली, समुद्राच्या बाजूला. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत, आणि त्या डोळ्यांत आपण रोज आरशात पाहतो तेच काहीतरी आहे, हे तिच्या लक्षात आलं. आजवर दुसऱ्यांचा हेवा करण्यात तिची हयात गेली होती. आपला हेवा कुणी केला की कसं वाटतं, हे तिला त्या संध्याकाळी कळलं. फार छान वाटतं.

‘एवढ्यात कुणाला सांगू नका’ हे वाक्य परदेशातल्या मराठी मंडळींत दवंडीसारखं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाले. आयर्लंड सोडून जाणाऱ्याच्या घरातल्या वस्तू जो आधी बोलेल त्याच्या, हा तिथला अलिखित कायदा. इडलीपात्र एकीने सांगून ठेवलं, मोठा कुकर दुसरीने. उर्मिला फोनवर थांबली नाही, ती गाडी घेऊनच आली. तिला डोशाचं पीठ वाटायचा कोइम्बतूरचा ग्राइंडर हवा होता. पॅकिंगच्या धांदलीत तुझ्या पायात नको, आत्ताच नेते, असं ती म्हणाली.

खरं सांगायला हीच वेळ होती, आणि सुमेधाने तोंड उघडलंही होतं. पण उर्मिला दारातच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, “घरातून समुद्र दिसतो का गं तुमच्या?”

तिच्या चेहऱ्यावर असा काही भाव होता की सुमेधाच्याने राहवेना.

“थोडासा,” ती म्हणाली. “गच्चीतून.”

त्या थोड्याशा समुद्रापायी ग्राइंडर गेला. पुढच्या आठवड्यात कुकर गेला, इडलीपात्र गेलं, चकलीचा सोऱ्या गेला. प्रत्येकीबरोबर इटलीतलं घर थोडं वाढत होतं. सोऱ्या न्यायला आलेल्या बाईला सुमेधाने अंगणात लिंबाची झाडंही दिली. शेवटी मुलीची, स्वरांगीची, सायकल गेली तेव्हा मात्र घरातून पहिली तक्रार आली. “मम्मी, व्हेअर इज माय बाइक? अँड व्हाय इज एव्हरीवन सेइंग वी आर मूव्हिंग टू इटली?” सुमेधाने तिला बिस्किट दिलं. ज्ञानेशने एकदा विचारलं की हल्ली डोसे का नाहीत, तर ती म्हणाली ग्राइंडर उर्मिलाकडे दिलाय. ते खरंच होतं, त्यामुळे तिला अपराधीही वाटलं नाही.

आता या घराची मालकीण मिसेस पॉवर भिंतीला भिंत लावून राहत होती. विधवा, एकटी, सत्तरी उलटलेली, आणि दिवसातला बराचसा वेळ खिडकीत. भाडेकरूंच्या घरातून एकेक वस्तू बाहेर पडताना तिने पाहिली. मंदीचे दिवस होते, बरेच भाडेकरू गुपचूप सामान हलवून पसार होत होते. तिने स्वरांगीला हाक मारून चौकशी केली. स्वरांगीने शाळेत ऐकलेलं सांगितलं. खात्री करून घ्यावी म्हणून मग म्हातारीने एके सकाळी ज्ञानेशला फाटकाशी गाठलं.

ज्ञानेश लागोपाठ तिसरी रात्रपाळी करून आला होता. त्या अवस्थेत तो कुणाचंच ऐकत नसे. समोरचा माणूस बोलायचा थांबला की तो “ग्रँड”, म्हणजे ठीक आहे, म्हणे, आणि आयर्लंडात एवढ्यावर माणसाचं सहज भागतं. मिसेस पॉवर म्हणाली, तुम्ही चाललात म्हणे, मला फार वाईट वाटलं. ज्ञानेश म्हणाला, ग्रँड. ती म्हणाली, दुसरं एक जोडपं घर मागतंय, त्यांना एक मार्चपासून दिलं तर चालेल का. ज्ञानेश म्हणाला, ग्रँड, ग्रँड. तिने त्याचे दोन्ही हात धरून देव तुमचं भलं करो म्हटलं, तेव्हा तो थँक्स म्हणून आत गेला आणि बुटांसकट झोपला.

चार दिवसांनी ती अ‍ॅपल टार्ट घेऊन सुमेधाकडे आली, डोळे पुसतच. तिने सुमेधाला जवळ घेतलं, इटलीसाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावल्याचं सांगितलं, आणि नोटिशीची वगैरे काही काळजी करू नकोस, मार्चच्या एक तारखेपासून घर दिलंय, डॉक्टरांशी सगळं बोलणं झालंय, असं म्हणाली. आमचं अजून पक्कं नाही, कदाचित उशीर होईल, असं सुमेधा पुटपुटली. म्हातारीने मान हलवली. शब्द दिलाय, आता फिरवता यायचा नाही. ती घर घेणारी बिचारी आपणहून नको म्हणाली तर गोष्ट वेगळी. आणि तुझ्याच ओळखीची आहे की ती, लांब वेणीची, इथेच चार घरं पलीकडे राहायची.

यामिनी परत येत होती.

पहिल्या क्षणी सुमेधाला निर्भेळ आनंद झाला. म्हणजे इटली बारगळलं तर. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की ते बारगळून आपल्याच घरात येतंय. आनंद आणि धक्का एकाच वेळी बसल्यामुळे चेहरा कसा करावा हे तिला कळेना, आणि म्हातारीला वाटलं, पोरीला घर सोडवत नाही.

ते मात्र खरंच होतं. त्या संध्याकाळी सुमेधा खोल्याखोल्यांतून फिरली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिने ते घर पाहिलं. रस्ता ओलांडला की स्वरांगीची शाळा. हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ. स्वरांगी तापाने फणफणली होती आणि दोघंही बाहेर अडकली होती, तेव्हा मिसेस पॉवरने न सांगता तिला मांडीवर घेतलं होतं. असं घर साऱ्या वॉटरफोर्डात दुसरं नव्हतं. ते आपण एका थापेवर घालवलं या विचाराने तिला रडू आलं. भिंतीवरच्या ओलीवरूनही तिने एकदा हात फिरवला.

ज्ञानेश उठून चहा घेत होता तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, अगदी लिंबाच्या झाडांपर्यंत.

“मी हो म्हटलं?” त्याने कप खाली ठेवत विचारलं.

“ग्रँड म्हटलंस.”

“मग आता एकच उपाय आहे. यामिनीला फोन कर आणि सांग, आम्ही कुठेही जात नाही आहोत, मी थाप मारली. एवढं एकच वाक्य.”

“तू कर ना.”

“थाप मी मारलेली नाही.”

जगात इतकी माणसं असताना हे वाक्य नेमकं यामिनीला सांगायचं होतं. पण घर जास्त मोलाचं होतं. ज्ञानेशने स्वरांगीचं बोट धरलं आणि, निवांत बोल, आम्ही नदीवर जाऊन येतो, असं म्हणून तो बाहेर पडला. सुमेधाने वाक्य चार वेळा घोकलं आणि नंबर फिरवला.

“सुमेधा, मीच तुला फोन करणार होते गं,” पलीकडून यामिनी म्हणाली आणि रडायलाच लागली. मग तिला थांबवताच येईना. सप्टेंबर संपला की ते गाव मिटतं. निम्मी घरं बंद. संकेत अंधारात जातो नि अंधारात येतो. शेजारची आजीबाई दिवसभर बोलते आणि यामिनी दिवसभर मान डोलावते. दगडी घर फोटोत छान दिसतं, पण आत बसलं की दात वाजतात. ते सगळे फोटो पहिल्या दोन महिन्यांतले, पुरवून पुरवून टाकलेले.

“मग टाकायचेस कशाला?” सुमेधाने विचारलं.

“तुझ्यासाठी.” यामिनीने नाक ओढलं. “इतके डबे पाठवायचीस तू. डबा घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाटायचं, एकदा तरी सुमेधाला दिसू दे की यामिनीचंही बरं चाललंय. खरं सांगू? मला तुझा फार हेवा वाटायचा.”

घोकलेलं वाक्य सुमेधाच्या जिभेवरून खाली उतरलं.

“माझा?”

“तुझाच. अजूनही वाटतो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

सुमेधा खुर्ची ओढून बसली. “नीट सांग,” ती म्हणाली.

यामिनीने नीट सांगितलं. सुमेधाच्या हाताची चव, सुमेधाचं घर, शेजारणीचं प्रेम, तिच्या दारातून निघताना दर वेळी पाय कसा निघायचा नाही, सगळं. सुमेधा मधून मधून “काहीतरीच काय,” म्हणत होती, म्हणजे ती आणखी सांगे. तुम्ही निघालात असं उर्मिलाकडून कळलं, तेव्हा लाज सोडून मिसेस पॉवरना फोन केला, असं यामिनी शेवटी म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

“सुमेधा, पण तू मनापासून जाते आहेस ना? घर सोडताना तुला जड जात असेल तर आत्ता सांग. मी आज म्हातारीला नाही म्हणून कळवते. शपथ.”

यापेक्षा सोपं आणखी काय असणार? ‘मी थाप मारली’, एवढंच तर म्हणायचं होतं. सुमेधाने श्वास घेतला. डोळ्यांपुढे घर उभं राहिलं, शाळा उभी राहिली. आणि मग ते वाक्य ऐकल्यावर यामिनीचा हेवा कसा जागच्या जागी विरून जाईल, त्याच्या जागी काय येईल, हेही उभं राहिलं. यामिनीने आपली कीव केली असती. एक दिवसाआड.

“जड कसलं गं,” सुमेधा म्हणाली. “चार भिंती तर आहेत. तू ये खुशाल. मी पडदेसुद्धा धुऊन ठेवते.”

ज्ञानेश परतला तेव्हा ती खिडकीशी उभी होती आणि तिचा चेहरा उजळला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर त्याने तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाला, “बघ. खरं बोललं की किती हलकं वाटतं.”

“ज्ञानेश, तिला माझा हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून.”

“बरं. आणि घराचं काय झालं?”

“इथेच दुसरं बघावं लागेल, इटलीचं लांबलं म्हणू,” सुमेधा शांतपणे म्हणाली. “पण याच्यापेक्षा चांगलं हवं. यामिनी बघायला येईल ना.”