हाकेला ओ देणारा बैल

घड्याळजींनी दुकान बंद करून गावाबाहेर एवढंसं शेत घेतलं आणि हौसेनं एक वासरू आणून बांधलं, तेव्हाच बायकोनं बजावलं, “याचं नाव ठेवायचं नाही. मोठा झाला की विकायचाय. नाव ठेवलं की जीव गुंततो.”

नाव ठेवलं नाही. नावं मात्र दोघांनी भरपूर ठेवली. जनावरांच्या डॉक्टरांनी वासराचा वेळेवर बैल केला आणि “आता गरीब होईल” म्हणून सांगितलं. तो गरीब काही झाला नाही, नुसता जाड झाला. त्यानं कुंपण पाडलं, वाळत घातलेली चादर अर्धी खाल्ली आणि दावं धरलेल्या घड्याळजींना थेट शेणाच्या खड्ड्यापर्यंत फिरवून आणलं. आयुष्यभर चिमट्यानं बारीक स्क्रू उचललेल्या माणसाला हे यंत्र कुठून उघडायचं तेच कळेना. काल त्यानं वाटाण्याचे वाफे साफ केले, तेव्हा बायको म्हणाली, “या घरात आता एक तर तो, नाहीतर मी.” घड्याळजींनी उत्तर द्यायला जरा वेळ लावला, तिथे त्यांचं चुकलंच.

म्हणून आज तातडीनं गिऱ्हाईक बोलावलं होतं. पलीकडच्या मळ्यातला शेतकरी. माणूस मोजकं बोलणारा, मिशा मात्र ऐसपैस.

“गाडीला जुंपायचाय. बाकी काही नको, हाकेला आला पाहिजे,” तो म्हणाला. “येतो ना?”

“म्हणजे काय! माझ्या शब्दाबाहेर नाही,” घड्याळजींनी ठोकून दिलं.

शब्दाबाहेर नसलेला बैल सकाळीच दावं तोडून शेताच्या टोकाला उभा होता.

“ये रे, ये राजा!” बैलानं शेपटी हलवली.

“ये म्हणतो ना, गाढवा!” बैलानं पाठ फिरवली.

घड्याळजी त्याच्यामागे धावले. बैल पुढे धावला. दोन फेऱ्यांनंतर बैल घड्याळजींच्या मागे धावू लागला. शेतकऱ्यानं टोपी सारखी केली आणि म्हणाला, “चालू द्या तुमचं. निघतो मी.”

तेवढ्यात मागच्या दारातून बायकोची हाक आली, “अहो! चहा झालाय!”

बैलाचे कान उभे राहिले. तो तडक वळला आणि घड्याळजींना ओलांडून दारात जाऊन शहाण्यासारखा उभा राहिला.

रोज पेंडीची बादली भरली की बायको याच दारातून “अहो!” म्हणे, आणि घड्याळजी बादली उचलून बैलापुढे ठेवत. बिननावाच्या बैलानं दुसरं काय समजायचं?

“वहिनी, काय म्हणालात तुम्ही?”

“मी यांना बोलावत होते,” ती लाजून म्हणाली.

“हे कुठं आले? हाच आला की! घेतो मी याला.” मग त्याचा आवाज उतरला. “पण म्हणजे... मलाही तसंच म्हणावं लागणार?”

“इलाज नाही,” धापा टाकत घड्याळजी म्हणाले.

शेतकऱ्यानं आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहिलं. “अहो!”

बैल ढिम्म.

“असं दरडावून नाही हो,” बायको म्हणाली. “जरा गोड.”

मिशा थरथरल्या. “अहो... येताय ना?”

बैल निघाला. पार वळणापर्यंत ऐकू येत होतं, “अहो, चला ना. अहो, तिकडे कुठं निघालात?”

संध्याकाळी घरात सामसूम होती. कुंपण उभं होतं, चादरी शाबूत होत्या. घड्याळजींनी जुनं घड्याळ उघडलं, पण त्यांचं लक्ष लागेना. आपल्याला करमत नाही हे बायकोला कळलं तर काय होईल, या धास्तीनं ते खाली मान घालून बसले होते.

“अहो!” मागच्या दारातून हाक आली.

“आलो, आलो!” घड्याळजी धावतच गेले.

बायको दारात उभी होती. हातात पेंडीची भरलेली बादली, नजर शेताच्या टोकाला. तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि पदरानं डोळे टिपले.

“तुम्हाला नव्हतं हो म्हटलं,” ती म्हणाली.