ड्रॅगनचा घसा बसला

जानेवारीतल्या एका शनिवारी ऑरिन टॉलेफसनने ठरवलं, की आपण डरकाळी फोडायला शिकायचं. पन्नाशीतल्या माणसाने काय ठरवावं याला धरबंध नसतो. त्यातून आमच्या विस्कॉन्सिनात तळं गोठलं की माणसांची अक्कलही थोडी गोठतेच. पण ऑरिनला कारण होतं.

बरीच वर्षं खपून त्याने एक खेळ रचला होता. टेबलाभोवती बसून खेळायचा, सोंगं घ्यायचा. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगणार. बाकीचे कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार होणार. आणि अडलं की फासे टाकायचे. (असले खेळ इथे घरोघरी तळघरात चालतात. एवढ्या हिवाळ्यात दुसरं करणार काय?) ऑरिनच्या खेळाच्या नियमांचं पुस्तक उशीएवढं जाड होतं. त्यात चिखलाचे नियम होते, बूट झिजण्याचे होते, घोड्याच्या अपचनाचेसुद्धा होते. नव्हती ती फक्त खेळायला माणसं.

‘नाकापेक्षा मोती जड’ हे त्याच्या बायकोशिवाय, म्हणजे आर्डिसशिवाय, कोणी त्याला तोंडावर सांगितलं नव्हतं. आमच्या गावात तशी पद्धतच नाही. लोक एकदा येत, “वेगळंच आहे हो काहीतरी!” म्हणत, आणि पुढच्या वेळी समोर डेलमारच्या गॅरेजात जाऊन बसत. डेलमारच्या खेळाला नियम सहा-सात, तेही त्याला धड पाठ नाहीत. तरी गॅरेजात पाय ठेवायला जागा नसायची.

“त्याच्याकडे असं आहे तरी काय?” ऑरिनने आपल्या मेहुण्याला, लायलला, विचारलं.

“तो आवाज काढतो रे. राक्षस आला की राक्षसासारखा ओरडतो. तुझा ड्रॅगन आला की वाटतं, बँकेतला कॅशियर आला.”

ऑरिनच्या मनाला हे फार लागलं. एरवी त्याने कानाआड केलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी, खेळांच्या दुकानाची मालकीण रेनाटाबाई त्याचा खेळ बघायला येणार होती. आवडला तर दुकानात ठेवणार, नाही तर विषय संपला. ती बाई दुसऱ्यांदा येणाऱ्यातली नव्हती.

तेव्हा ऑरिन आपल्या गॅरेजात गेला, दार लावलं आणि त्या कडाक्याच्या थंडीत छाती फुगवून डरकाळ्या फोडू लागला. चौथी जरा बरी साधली म्हणेपर्यंत समोरची खिडकी उघडली.

“ऑरिन!” डेलमार ओरडला. “गाडीची बॅटरी बसली का रे? केबल आणू?”

सकाळी उठला तर घशातून नुसती हवा. चर्चमध्ये सगळे गात असताना हा मासळीसारखी तोंडाची उघडझाप करत उभा.

“रेनाटाला नको म्हणून कळवू?” आर्डिसने विचारलं.

ऑरिनने मान अशी हलवली, की टोपी पडली.

“मग गोष्ट सांगणार कोण?”

ऑरिन तिच्याकडे बघत राहिला.

“मी? अरे, मला फासे कुठल्या बाजूने वाचतात तेही ठाऊक नाही!”

“पुस्तकात आहे,” ऑरिन कुजबुजला.

“पुस्तकात सगळं आहे रे बाबा. तेच तर दुखणं आहे.”

पण आर्डिसने मनावर घेतलं. माणसं कमी दिसायला नकोत म्हणून तिने चर्चमधून बाहेर पडताना लायलला बोलावलं, आणि वर डेलमारलाही! ऑरिनला तर तिने तळघरात येऊच दिलं नाही. “तू खाली बसलास तर हातवारे करशील. स्वयंपाकघरात बस.”

मग ऑरिन स्वयंपाकघरात जमिनीवर आडवा झाला आणि तळघरातली गरम हवा वर येते त्या फरशीतल्या जाळीला त्याने कान लावला. खालचा शब्दन् शब्द तिथून वर येतो.

“हं, बसा,” आर्डिस म्हणत होती. “तुम्ही एका खानावळीत आहात. बाहेर बर्फ पडतोय. रेनाटा, तू कोण होणार?”

“मला नाही बाई यातलं काही कळत.”

“कोणावर राग आहे का तुझा?”

“जावेवर आहे.”

“झालं तर! तू भाडोत्री मारेकरीण. ड्रॅगन तुझ्या जावेच्याच घरात शिरलाय. आता ठरव, मारायचं कोणाला.”

खाली हशा पिकला. लायल म्हणाला, “मी तलवार काढतो. पण त्याआधी घोड्याचं—”

“घोडा राहू दे. फासा टाक. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फजिती. आणि फजिती काय झाली ते शेजारच्याने सांगायचं.”

हा नियम पुस्तकात नव्हता. आर्डिसला दुसरं काही सुचलं नाही म्हणून तिने तो ठोकून दिला होता. लायलचा फासा पडला, आकडा आला एक, आणि त्याच्या शेजारी बसला होता डेलमार.

“लायलची तलवार म्यानातून निघतच नाही,” डेलमार म्हणाला, “कारण ती त्याने माझ्याकडून उसनी नेलीय आणि गंजवून ठेवलीय. माझ्या बर्फ उडवायच्या मशीनसारखी!”

आणि मग जो काही हास्यकल्लोळ झाला म्हणता! अहो, ज्या गावात जन्मभर कोणी कोणाला तोंडावर काही बोललं नाही, तिथे आता फासा पडला की बोलायलाच लागत होतं! मग लायलने डेलमारच्या ढालीवरून त्याच्या कधीच न घासलेल्या बार्बेक्यूच्या शेगडीचा विषय काढला. रेनाटाबाईने तर दोघांनाही सोडलं नाही. हसता हसता तिला ठसका लागला.

ऑरिनला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्या जाळीतून वर कधी हसू आलं नव्हतं. एकदा फक्त कोणाचं तरी घोरणं आलं होतं. पण जावेचं पुढे काय होतं, हे त्यालाही कळायला हवं होतं! त्याने कान आणखी दाबला, आणि ड्रॅगनच्या आगीने डेलमारची विजार पेटली तेव्हा तो आवाज न करता इतका हसला, की बरगड्या दुखल्या.

संध्याकाळी रेनाटाबाई बूट चढवत दारात उभी राहिली. (आमच्याकडे निरोप घ्यायला खेळाइतकाच वेळ लागतो.)

“ठेवते दुकानात,” ती म्हणाली. “मात्र आर्डिसने सांगितलं तेवढंच एका कागदावर छाप.”

ऑरिनने आर्डिसचा हात घट्ट धरला. मग घाबरत घाबरत कुजबुजला, “आणि माझं पुस्तक?”

“म्हणजे काय! पुस्तक पाहिजेच. त्याशिवाय खोका खपायचाच नाही.”

ऑरिनचे डोळे भरून आले.

“अरे, गिऱ्हाईक आधी खोका हातात घेऊन बघतं,” रेनाटाबाई म्हणाली. “आत नुसता एक कागद असला, तर परत ठेवून देतं. मी दुसऱ्या एका खेळात पुठ्ठे भरले होते, पण तुझ्या पुस्तकाने वजन कसं छान येतं!”

ऑरिन विचारात पडला. मग होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून त्याने विचारलं, “अजून दोन प्रकरणं घालू का?”

रेनाटाबाईने मनातल्या मनात वजनाचा अंदाज घेतला.

“नको,” ती म्हणाली. “पोस्टाचा खर्च वाढेल.”