बिनसावलीचे पापड

आमच्या अंबिकेच्या गुरूंचं, वैजनाथ सरांचं, एक बोलणं मला मुळीच पटत नसे. माणूस भला, पण टुमणं एकच. माझी ही नात विद्यापीठात त्यांच्या हाताखाली ताऱ्यांवर पीएचडी करते आणि सुट्टीला लोक गोळा करून त्यांना आभाळ समजावते. सर म्हणत, "दोन्ही जमत नसतं. एक काय ते धरा." शेवटी म्हणाले, "शून्य सावलीचा कार्यक्रम बघायला येतो. नीट झाला तर चालू ठेवा, नाहीतर हे सगळं बंद."

मे महिन्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते म्हणे. कार्यक्रम पुंडलिकनगरात, आमच्याच गच्चीवर.

त्याच सकाळी मी आणि शेजारच्या शहजादीनं उडदाचे पापड लाटले. अंबिकेला बजावलं, "उन्हात घालू नको, तडकतेत. सावलीत वाळव."

"व्हय आज्जी," म्हणत तिनं पाण्याच्या टाकीच्या सावलीत साडी पसरून पापड मांडले.

खायची वस्तू गच्चीवर, म्हणून मी आल्या-गेल्याला दटावलं, "चपला जिन्यात काढा! सतरंजीवर उभं ऱ्हावा!" सरांच्या चपला नव्याकोऱ्या. त्यांनी त्या हातात धरून आणल्या आणि सतरंजीच्या कडेला, भिंतीच्या सावलीत, नजरेसमोर ठेवल्या.

अंबिकेनं माझंच लाटणं उभं केलं. सावली आखडत आखडत बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरांचीही मान डोलली. म्हटलं, जिंकली पोरगी.

तेवढ्यात शहजादी ओरडली, "अम्मा, पापडां देखो!"

टाकीची सावलीही गेली होती. पापड कानासारखे वळून तडकले होते. अंबिकेचं तोंड त्याहून वाळलं.

सर हसले. "अख्ख्या गल्लीला सांगता सावली जाणार, आणि स्वतः सावलीच्या भरवशावर पापड घालता? म्हणूनच म्हणतो, हे बंद करा."

अंबिका लाटणं उचलून आवराआवर करू लागली. सर निघाले, ऐटीत चपलांत पाय घातले आणि "आई गं!" करत सतरंजीवर उडाले. भिंतीची सावली कधीच सरली होती. चपला नुसता तवा झालेल्या.

शहजादीनं तोंडाला ओढणी लावली. मी तांब्याभर पाणी चपलांवर ओतलं आणि म्हटलं,

"सर, हिचं ध्यान दोन कामांत, म्हणून पापड गेले. तुमचं तर एकच काम. मग चपला कशा भाजल्या? पोरीचं चालू ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली बी या, चपला तेवढ्या जिन्यात काढा."