उघडलंच आहे तर

गाडीच्या मागच्या चाकांना फिरवणारा डिफरन्शियल गेला हे कळलं तो मंगळवार होता. बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. घड्याळकाकांना तिच्या आजाराची आणि गाडीची, दोन्ही बातम्या एकाच तऱ्हेने कळल्या. समोरचा माणूस हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "फार दिवसांपासून असणार हे. तुमच्या लक्षात आलं नाही का?"

पहिल्या वेळी तो माणूस डॉक्टर होता, दुसऱ्या वेळी गॅरेजचा मिस्त्री. हात पुसायचं फडकं तेवढं वेगळं होतं.

लक्षात कसं येणार? घड्याळकाकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. नुसतं कानाशी धरून ते सांगायचे, कुठल्या चाकाचा दात झिजलाय. पण गाडीच्या मागून येणारा तो आवाज बायकोला दोन वर्षं ऐकू येत होता आणि त्यांना दोन वर्षं ऐकू आला नव्हता. "अहो, मागे कोणीतरी कण्हतंय," ती म्हणायची. "गाडी जुनी झाली," ते म्हणायचे. तिने पाठ दुखते म्हटलं, तेव्हाही त्यांचं उत्तर साधारण असंच होतं.

त्या मंगळवारी ते बायकोच्या थोरल्या बहिणीकडे निघाले होते. डिकीत पाच गाठोडी होती, बायकोच्या सगळ्या कपड्यांची. तिनेच सांगून ठेवलं होतं, "माझे कपडे ताईला द्या. तिला बरोबर होतात. उगाच कपाटात ठेवून कसर लावू नका." बायकोने सांगितलेलं काम टाळायची काकांना सवय नव्हती. तरी चार महिने गेले. एकदा दाढ दुखली, एकदा नळ गळायला लागला, एकदा काहीच झालं नाही आणि तरी ते गेले नाहीत. ताई म्हणजे बोलण्यात काटेकोर बाई. शेवटी त्यांनीच फोन केला, "मंगळवारी येताय ना?" मग निघावंच लागलं.

शहराबाहेरच्या चढावर गाडीच्या पोटात काहीतरी कडकडलं. इंजिन चालूच राहिलं, पण चाकं फिरेनात. काका खाली उतरले. त्या क्षणी आपल्याला काय वाटलं हे ते कोणाला सांगणार नव्हते. त्यांना बरं वाटलं.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री ओळखीतला होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला. गाडीखालच्या खड्ड्यात तो स्वतःहून उतरायचा, पण वर यायला त्याला कोणाचा तरी हात लागायचा. काकांनीच त्याला वर ओढलं.

"आतले दात पार उडालेत, काका. भंगारात काढलेल्या एका गाडीचा चांगला डिफरन्शियल आहे माझ्याकडे. तो चढवतो. दोन दिवस लागतील."

"चढव."

"आणि उघडलंच आहे तर एक्सलची सीलं पण बदलून टाकू. जुनीच ठेवली तर महिन्याभरात सगळं तेल चाकात."

काका ताठ झाले. "हे बघ, जेवढं बिघडलं तेवढंच बदलायचं. मी चाळीस वर्षं हेच केलं. तुझ्या वडिलांच्या घड्याळाचा फक्त एक स्क्रू बदलला होता. अजून चालतंय ना?"

"चालतंय. पण ते घड्याळ उतारावर ब्रेक मारत नाही."

सीलं बदलायचं ठरलं. त्यांनी ताईंना फोन लावून सांगितलं, गाडी बंद पडली, दोन दिवस लागतील. ताईंनी आधी ते दोन दिवस परत विचारून घेतले. मग म्हणाल्या, "बरं. होईल तेव्हा या."

डिकी रिकामी करायला हवी होती. काकांनी पाचही गाठोडी रिक्षाने घरी आणली, दोन जिने वर चढवली. ती दाराशी तशीच ठेवायची होती. पण दोन दिवस बांधून ठेवले तर कपड्यांना चुण्या पडतील, असं त्यांच्या मनात आलं. म्हणून एक गाठोडं सोडलं. मग बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? तास-दीड तासात सगळे कपडे पुन्हा कपाटात गेले. घड्या काही तिच्यासारख्या जमल्या नाहीत. दोनदा घालून बघितल्या, मग सोडून दिलं.

गुरुवारी ते गॅरेजमध्ये गेले तेव्हा गाडीची मागची बाजू हवेत होती आणि दोन्ही एक्सल जमिनीवर पडले होते.

"सीलं काढली तेव्हा बेअरिंगं हातात आली," मिस्त्री म्हणाला. "फिरवून बघा."

काकांनी बेअरिंग कानाशी नेलं आणि बोटाने फिरवलं. आत वाळू असल्यासारखी खरखर होती. "झिजलंय," ते म्हणाले.

मिस्त्रीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. गिऱ्हाईकाच्या तोंडून हा शब्द त्याने आजवर ऐकला नव्हता. "मग बदलू?"

"बदल. किती दिवस?"

"आणखी दोन."

"तीन घे," काका म्हणाले.

तिथून पुढे गाडा जो सुटला तो कोणाच्या हातात राहिला नाही. बेअरिंगसाठी ड्रम काढले होते, तर ब्रेकच्या लायनिंगला जुन्या सीलातून गळलेलं तेल लागलेलं निघालं. लायनिंग बदलायला घेतलं, तर हँडब्रेकची केबल तीनच तारांवर टिकून होती. मधला लांब शाफ्ट सोडवून ठेवला होता, तो हलवून बघितला तर त्याच्या दोन्ही टोकांचे जोड लुटलुटत होते. ते जोड नवे बसवले, तेव्हा पुढे गिअरबॉक्सचं सील पाझरताना दिसलं. गिअरबॉक्स उतरवला. आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर क्लच प्लेट न बघता परत चढवेल असा मिस्त्री अजून जन्मायचा आहे.

दर वेळी काका ताईंना फोन करायचे. "ताई, आता क्लच निघाला."

"निघाला का? मग तो नीटच करून घ्या," ताई म्हणायच्या. आवाजावरून काही कळायचं नाही. काकांना वाटायचं, चिडल्या असणार.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मिस्त्री फडक्याला हात पुसत बाहेर आला. "झालं, काका. उद्या घेऊन जा."

काकांचा चेहरा उतरला. "मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बघितलेस?"

"बदलले की. तुमच्यासमोरच."

"शॉकअप?"

"चांगले आहेत."

"चांगले म्हणजे किती चांगले? उघडलंच आहेस तर बदलून टाक."

"उघडलेलं नाही आता. सगळं बंद केलंय मी."

"मग उघड."

मिस्त्री स्टुलावर बसला. त्याने शॉकअप बदलले. दोन दिवसांनी काका वायपरचा विषय घेऊन आले.

"काका, वायपरचा आणि डिफरन्शियलचा काही संबंध नाही."

"एकाच गाडीला आहेत ना दोन्ही?"

"तीस वर्षं मी हा धंदा करतोय," मिस्त्री म्हणाला. "मी म्हणायचं, हेपण बदलू, आणि गिऱ्हाईकाने म्हणायचं, नको रे बाबा. अशी रीत आहे. तुम्ही ती रीतच मोडलीत. परवा एकाने सील बदलायला नाही म्हटलं, तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय चाललंय काय तुमचं? गाडी विकायची आहे का?"

"नाही."

"कुठे लांब जायचंय?"

"दोन तासांवर."

"मग जा ना."

जवळच नव्या क्लचचं रिकामं खोकं पडलं होतं, ते उचलून काकांनी उगाच त्याची घडी केली. मग हळूच म्हणाले, "तिचे कपडे द्यायचेत. तिच्या बहिणीला. गाडी झाली की द्यावे लागतील."

मिस्त्री वळला आणि वायपर काढायला लागला.

नेमका तेवढ्यात ताईंचा फोन आला. एरवी काकाच करायचे, आज त्यांनी केला. "गॅरेजमध्येच आहात का? त्या मिस्त्रीला द्या बघू फोन."

काकांनी फोन पुढे केला आणि ते मागच्या टायरकडे बघत उभे राहिले. मिस्त्री नुसता "हो... नाही... तसं काही उरलं नाही... बरं, बघतो," एवढंच म्हणत होता. त्याने फोन परत दिला तेव्हा तो बंद झालेला होता.

"खूप चिडल्यात?"

"चिडल्या नाहीत." मिस्त्री डोकं खाजवत होता. "म्हणाल्या, गाडी जुनी आहे, तुम्ही घाई करू नका. आणखी काही झिजलेलं सापडतं का बघा. म्हणाल्या, कपड्यांसाठी कपाटातला एक कप्पा रिकामा करायला घेतलाय, तो काही होत नाहीये."

"कधीपासून घेतलाय?"

"मी विचारलं. चार महिने म्हणाल्या."

दोघंही गाडीकडे बघत राहिले.

"हे बघा, काका," मिस्त्री शेवटी म्हणाला, "तिकडून त्या सांगणार हळू कर, इकडून तुम्ही सांगणार परत उघड. मी काय या गाडीला म्हातारी होईपर्यंत खड्ड्यावर ठेवू? ती आता माझ्यापेक्षा तरुण आहे. वायपर लावून देतो आणि संध्याकाळी स्वतः दारात आणून सोडतो."

बोलल्याप्रमाणे त्याने सोडली. किल्ली हातात देताना म्हणाला, "पुढची दोन-तीन वर्षं माझ्याकडे येऊ नका. म्हणजे या, पण गाडीशिवाय या." मग तो चालत गेला.

काकांनी वर जाऊन चहा टाकला. हाताच्या सवयीने दोन कपांचा झाला. दोन्ही कप पिऊन झाल्यावर त्यांनी फोन लावला.

"ताई, गाडी झाली."

"झाली? पूर्ण?"

"पूर्ण. मिस्त्री म्हणतो, झिजलेलं काही उरलंच नाही."

"मग रविवारी या." ताई थांबल्या. "नाही, रविवारी नको. आमच्याकडे रविवारी पाणी नसतं."

"मलाही रविवारी जमायचं नाही," काका घाईने म्हणाले. का जमायचं नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि ताईंनी विचारलं नाही.

"पुढच्या आठवड्यात बघू."

"बघू."

फोन ठेवायची वेळ झाली होती, पण कोणी ठेवला नाही. मग ताई म्हणाल्या, "तिचा तो निळा कोट आहे ना त्या कपड्यांत? तो गाठोड्यात अगदी खाली घालू नका. चुरगळेल."

"नाही चुरगळणार. टांगलाय."

"टांगलाय? गाठोड्यात?"

काकांनी कपाटाचं उघडं दार हळूच लोटलं. पलीकडे ताईंच्या घरातला नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

"टांगलेलाच राहू दे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

गाडी दारात उभी आहे. चाकांपासून वायपरपर्यंत तिला आता काही झालेलं नाही. कपडे बांधायचे राहिलेत, आणि न्यायचेही राहिलेत.